शाळेच्या बँडला पूर्णवेळ कंडक्टर हवा का?

घोडबंदरकर : ठाण्यात मी पाहिलेल्या शाळांमध्ये बँड जागा होतो तो २६ जानेवारीच्या तोंडावर. पी.टी.चे सर साइड ड्रम आणि बिगुल काढतात, मुलं दोन धून घोटतात, मग सगळं पुन्हा कपाटात. माझं म्हणणं, फुंकवाद्यांचा बँड घडवणारा शिक्षक, म्हणजे वादकांना एकत्र वाजवून घेणारा कंडक्टर, पूर्णवेळ नेमा. अमेरिकेत फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमन या संगीत शाळेत शिकवताना १९५२ मध्ये विद्यार्थ्यांचा विंड आँसाम्बल, म्हणजे फुंकवाद्यांचा संच, काढला. एका ओळीला, म्हणजे रचनेतल्या एका स्वतंत्र भागाला, शक्यतो एकच वादक, म्हणजे घोळक्यात लपायची सोय नाही. पुढे १९८४ मध्ये ते टोकियो कोसेई विंड ऑर्केस्ट्राचे कंडक्टर झाले. शिकवण्यातूनही एवढी कारकीर्द होते!

नेरूळची आई : होते, पण तिकडे. आमच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकही टिकत नाही. माझी मुलगी ढोल-ताशा पथकात आहे, गणपतीआधी रोज सरावाला जाते, जीव ओतून वाजवते. तिला ट्यूबा, ते भलंमोठं पितळी फुंकवाद्य, कशाला?

घोडबंदरकर : ताई, पथक हवंच. पण तिथे ताल मिळतो, सुराचं काय? प्रत्येक वाद्याचा कागदावरचा सूर आणि ऐकू येणारा सूर सारखा नसतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा सी हा पाश्चात्त्य सूर वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट, आल्टो सॅक्सोफोनवर ई-फ्लॅट. हे सगळं एका स्वरलिपीत वाचत कंडक्टर मुलांना एकत्र ठेवतो. त्यात आपला उकाडा. हवा तापली की फुंकवाद्यांचा सूर चढतो, तो शेजाऱ्याचं ऐकून सावरावा लागतो. दुसऱ्याचं ऐकायची ही सवय मुलांना लागावी, एवढ्यासाठी मी भांडतोय.

वाशीचा ट्रम्पेटवाला : मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. तुमची जागा निघाली तरी जाहिरातीत पदवी मागाल आणि आम्ही बाहेरच. आमचे क्लॅरिनेटवाले नवीन गाणं नुसतं ऐकून बसवतात. लग्नसराई संपली की हाताला काम नाही. आधी त्यांना घ्या.

घोडबंदरकर : दादा, जरूर घ्यावं. पण स्वरलिपी वाचता यायलाच हवी, त्याशिवाय वेगवेगळ्या ओळी एकत्र बसवणार कशा? ती शिकायचा खर्च शाळेने द्यावा.

वाशीचा ट्रम्पेटवाला : शिकू की. आजवर कुणी विचारलंच नाही. आणि वाद्यं घेताना लाकडी क्लॅरिनेट नका घेऊ, हवामान बदललं की तडकतो. मुलांना प्लॅस्टिकचा पुरतो.

नेरूळची आई : दादांना घेताय तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला पगाराचा. तो आमच्या फीमधून काढणार असाल, तर पालकसभेत मी विरोधातच हात वर करणार.