मदत हवी आहे : शेल्टरमधल्या मोठ्या मांजरीला घर, तातडीने

शेवंती_प (सोमवार, रात्री ११.४०)
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. ठमीसाठी घर हवंय, लवकरात लवकर. अतिशय गुणी आहे, बोचकारत नाही, चावत नाही. फोटो पाठवला की लोक आधी विचारतात, पिल्लू आहे का? नाही म्हटलं की पुढे उत्तरच येत नाही. तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून झालं, एकही फोन नाही. ती तिथे खंगत चाललीय आणि मला बघवत नाही. कुणी घेईल का? घेणारं कुणी माहीत असेल तरी सांगा.

सह्यकडा
गाव कोणतं? 'तिथे' म्हणजे कुठे? वय, भाटी की बोका, नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, लसी दिल्यात का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. कळल्याशिवाय कुणी पुढे कसं येणार?

गवती_चहा
पिल्लाला ट्रेची सवय लावणं सोपं असतं. खाल्ल्यावर लगेच ट्रेमध्ये नेऊन ठेवायचं आणि पुढचे पाय धरून हलकेच वाळू उकरून दाखवायची. आमचं पिल्लू दोन दिवसांत शिकलं.

सह्यकडा
चहाताई, मांजर मोठी आहे, शीर्षकातच लिहिलंय.

शेवंती_प
सॉरी. पुणे, सिंहगड रोड. मी शनिवार-रविवार एका शेल्टरमध्ये मदतीला जाते, ती तिथे आहे. एक आजी एकट्या राहायच्या, त्यांची मांजर. आजी गेल्या. मुलगा घर आवरायला आला आणि शुक्रवारी तिला टोपलीत घालून शेल्टरला देऊन गेला. त्याच्या मुलीला दमा आहे, मी त्याला दोष देत नाही. वय साधारण ६. तिरंगी आहे. ऑपरेशन झालंय, पोटावर टाक्यांची खूण आहे. लसींचं कार्ड नाही.

रानमोगरा
तिरंगी म्हणजे भाटीच. काळा-नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तिरंगी बोका अगदी क्वचित सापडतो आणि बहुधा वांझ असतो.

कोकणातला_बाबू
आमच्याकडे तिरंगी मांजर घरात येणं शुभ मानतात. एक उपाय सुचवतो, राग मानू नका. मासळी बाजाराजवळ सोडा. तिथे मांजरं मजेत जगतात. आमच्या बंदरावर वीसेक असतील, सगळी गुबगुबीत.

रानमोगरा
बाबू, बंदरावरची मांजरं तिथेच जन्मली, वाढली. ही सहा वर्षं घरात राहिलीय. कुत्रा दिसला तर कुठे पळायचं, हे तिला माहीत नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे.

कोकणातला_बाबू
त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. त्याला कोण घाबरतं?

रानमोगरा
दंड कमी आहे म्हणून सोडायचं का? मला ते मुळीच पटत नाही.

न्यूजर्सीकर
इथे मी सात वर्षं शेल्टरमध्ये काम करतेय. मोठी मांजर घरी देताना बहुतेक संस्था लेखी घेतात : जमलं नाही तर मांजर दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडेच परत आणायची. त्यामुळे घेणाऱ्याचं दडपण उतरतं. तुम्हीही तसं लिहून घ्या. आणि फोटो पिंजऱ्यातला असेल तर काढून टाका. पिंजऱ्यातली मांजर कितीही देखणी असली तरी भेदरलेलीच दिसते.

कडुनिंब
मला एकच सांगा. ती खाते का?

शेवंती_प
नाही ना. तेच तर. शुक्रवारपासून जवळजवळ काहीच नाही. कोरडं खाणं ठेवलं, सॅशे दिला, दूधही दिलं. ट्रेच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसते. शेजारच्या खोलीत कुत्री आहेत, दिवसभर भुंकणं चालू.

कडुनिंब
मग घराचं नंतर बघू. मी डॉक्टर नाही, पण माझा बोका याच कारणाने गेला, म्हणून सांगतोय. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिली की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते. जाडजूड मांजरात तर जास्तच. नंतर तिला खावंसंच वाटत नाही आणि ती वाचवणं अवघड होतं. हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळसर दिसतेय का? उद्या सकाळी व्हेटला दाखवाच. तोवर पिंजऱ्यावर तीन बाजूंनी चादर टाकायला सांगा आणि आत पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, लपायला जागा मिळेल. कुत्र्यांपासून लांब हलवता आलं तर फारच बरं.

गवती_चहा
दूध-पोळी कुस्करून द्या. आमच्या आजीची मांजरं त्यावरच वाढली.

कडुनिंब
मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दूध पचत नाही, जुलाब होतात. उपाशी मांजरीला तर नकोच.

सोनकी
शेवंतीताई, त्या मुलाला फोन करून विचारा, आजी तिला काय खायला घालायच्या, कशात, कुठे बसवून. आणि आजींचं वापरातलं कापड मागा. साडी, उशीचा अभ्रा, काहीही. धुतलेलं नको. आमची मनी आई दवाखान्यात असताना आईच्या स्वेटरवर बसूनच खायची.

शेवंती_प (मंगळवार, दुपारी ४.१०)
सकाळी रजा टाकून गेले. व्हेटनी बघितलं. कावीळ दिसत नाही. कातडीखाली सलाईन दिलं, रक्त घेतलं. तिला आता ऑफिसच्या खोलीत ठेवलंय. मुलाला फोन केला. आधी तुटक बोलला, मग पंधरा मिनिटं बोलत राहिला. आजी तिला उकडलेली मांदेली द्यायच्या, काटे काढून, स्टीलच्या ताटलीत, स्वतः जेवायला बसल्या की शेजारी. एकटीने ती कधी खाल्लेलंच नाही. तो संध्याकाळी गोधडी आणून देतोय.

भावीबाबा
मी धायरीला राहतो, मला ठमी हवी होती. पण बायकोला पाचवा महिना आहे आणि सासूबाई म्हणतात, मांजर नकोच. मांजरामुळे बाळाला धोका असतो ना?

रानमोगरा
तो आजार टॉक्सोप्लाझ्मोसिस, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीमुळे होतो. मांजराच्या शीतून बाहेर पडलेली त्याची अंडी निदान एक दिवस गेल्याशिवाय संसर्ग करत नाहीत. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो तुम्ही करायचा, बायकोने नाही. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो होतो, हे सासूबाईंना नक्की सांगा. घरात राहून उकडलेले मासे खाणाऱ्या मांजरीपासून धोका कमीच. तरी बायकोच्या डॉक्टरांना विचाराच.

भावीबाबा
विचारतो. पण सासूबाई ऐकतील असं वाटत नाही.

शेवंती_प (मंगळवार, रात्री ९.५५)
खाल्लं!! गोधडीवर बसवलं, मी शेजारी डबा उघडून जेवायला बसले. पाच मिनिटं नुसती बघत होती. मग दोन मांदेली खाल्ल्या, ताटली चाटली. मी तिथेच रडले.

सोनकी
देवा. वाचून फार बरं वाटलं.

कडुनिंब
छान. आता थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. रक्ताचा रिपोर्ट आला की इथे लिहा.

निवांत_वारजे
मी ६३ वर्षांचा, निवृत्त, वारज्यात एकटा राहतो. कायमची घेईन असं आज सांगत नाही, कारण माझ्याकडे एक म्हातारी मांजर आहे, दोघींचं जमेल का माहीत नाही. पण मागची खोली रिकामी आहे, खिडकीला जाळी आहे, कुत्रा नाही. महिनाभर, हवं तर तीन महिने ठेवतो. जेवतो मी घरीच, दोन्ही वेळा.

न्यूजर्सीकर
काका, हेच हवं होतं. कायमचं घर मागितलं की लोक बिचकतात, थोड्या दिवसांसाठी तयार होतात. घरात राहिलेल्या मांजरीचा फोटो आणि स्वभावही नीट कळतो, मग घर मिळायला वेळ लागत नाही.

कडुनिंब
काका, लसीचं कार्ड नाही, त्यामुळे दोन आठवडे दोघींना समोरासमोर आणू नका. ताटल्या, ट्रे वेगळे, हात धुऊन मगच दुसरीला शिवायचं. शेल्टरमधून आलेल्या मांजरीबरोबर पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) येऊ शकतो. तुमच्या म्हातारीच्या लसी वेळच्या वेळी झाल्यात ना?

निवांत_वारजे
मार्चमध्ये झाल्यात.

कोकणातला_बाबू
काका, सुकी मांदेली हवी असेल तर पाठवतो. बाजारात सोडा म्हणालो ते चुकलं माझं.

रानमोगरा
बाबू, बिनमिठाची असेल तरच.

शेवंती_प (बुधवार, सकाळी ८.०५)
रिपोर्ट ठीक आहे. काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी ११ वाजता मी आणि शेल्टरच्या ताई तिला घेऊन येतो. न्यूजर्सीकर म्हणतात तसं कागदावर लिहूनही घेऊ. गोधडी बरोबर देतेय, ती धुऊ नका.

निवांत_वारजे
नाही धुणार. तिला ट्रेमध्ये विकतची लिटर लागते की वाळू?

शेवंती_प
चाळलेली वाळू. एक घमेलं भरून मी आणते.