खानापूरचं मोठं घर सोडून बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये : सासू-सासऱ्यांचं सामान कसं आवरावं?

गुलमोहर_खानापूर
नमस्कार मंडळी. मामंजी ७९ वर्षांचे, सासूबाई ७४. दिवाळीनंतर सहा खोल्यांचं घर सोडून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये यायचं ठरलंय. माळाभर तांब्या-पितळेची भांडी, शिसवी पलंग, दोन ट्रंका साड्या, फोटो आणि कागदांनी भरलेली एक लोखंडी पेटी आहे. दोघांचं मन दुखवायचं नाही आणि मोलाची वस्तू मातीमोल जायलाही नको. सुरुवात कुठून करू?

पाटा_वरवंटा
सुरुवात फ्लॅटमध्ये करा. टेप घेऊन भिंती, दारं आणि लिफ्टचा आतला भाग मोजा. मग खडूनं जमिनीवर पलंगाचा, कपाटाचा चौकोन आखा आणि दोघांना तिथे नेऊन विचारा, "तुमची आरामखुर्ची कुठे ठेवूया?" 'काय टाकायचं?' असं विचारलं की म्हातारं माणूस सगळंच कवटाळून बसतं.

आधी डबे, गाद्या, जुनी कुलपं काढा. फोटो आणि देवघर अगदी शेवटी. रोज सकाळी दोन तास पुरे, त्यापुढे दोघंही थकतात आणि थकल्यावर घेतलेल्या निर्णयाचा दुसऱ्या दिवशी पस्तावा होतो. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा : कोण नेणार, कोणत्या तारखेपर्यंत. 'कुणीतरी नेईल' म्हणून ठेवलेलं परत माळ्यावरच जातं.

जुन्या पलंगाचे सांधे बहुतेक खुंट्या-पाचरांवर असतात. सोडवण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकच आकडा घाला. पाचर काढताना हातोडी थेट मारू नका, मध्ये लाकडाचा तुकडा धरा, नाहीतर सांधा चिरतो.

शहापूर_पेठ
भांड्यांबद्दल. मोडीत तांब्याला पितळेपेक्षा बराच जास्त भाव मिळतो, आणि एकत्र ढीग दिला की सगळं पितळेच्या दरानं जातं. काळवंडल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. बुडाच्या कडेला कानशीनं बारीक ओरखडा काढा : लाल दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. आतून पाहू नका, तिथे कल्हईचा पांढरा थर असतो. बंबाची लोखंडी जाळी आणि कड्या आधी काढून घरीच काट्यावर वजन करा, म्हणजे दुकानात 'लोखंडाची घट' म्हणून मनमानी कापता येत नाही. नाव कोरलेली घागर, परात मोडीत घालू नका. त्या नातवंडांना द्या, आणि सासूबाईंच्या हातून द्या.

साड्या प्लॅस्टिकमधून आधी बाहेर काढा. खानापूरच्या पावसात ट्रंकेत ओल धरते, मग बुरशीचे डाग पडतात आणि जर काळी होते. घडीवरच रेशीम चिरतं, म्हणून जुनी घडी मोडून नव्या जागी घाला आणि मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. जुन्या इरकली किंवा शहापुरी साडीचा पदर फाटला असला तरी काठ धड असतात. काठ उतरवून नवीन कापडाला लावता येतात. बोहारणीला देण्याआधी साडीची जर सराफाकडे तपासून घ्या, खऱ्या जरीत चांदी असते.

पेटी_आणि_दस्त
लोखंडी पेटीला सर्वांत शेवटी हात लावा आणि त्यातलं काहीही रद्दीत टाकू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव-खानापूरचा हा भाग (आता कर्नाटकात) मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने दस्त मराठीत आणि काही मोडी लिपीतही सापडतात. वाचता आले नाहीत म्हणून ते निकामी ठरत नाहीत. सपाट ठेवून फोटो काढा. टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढा. लॅमिनेशन मात्र करू नका.

घर मुलांच्या नावे करायचं असेल तर नुसत्या कागदावरच्या सहीनं होत नाही. बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह नोंदवावंच लागतं. 'आम्हाला सांभाळायचं' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ प्रमाणे सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरणाकडून असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी अट लिहिलेली असणं फार उपयोगी पडतं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. केलेली बरी. मराठीत लिहिलेलं चालतं. नोंदणीला जाताना सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर असलं की खिडकीवर वाद होत नाही. साक्षीदार म्हणून वाटेकरी नको.

बँकेतल्या नॉमिनीबद्दलही घरात बोलून घ्या : नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच.

गुलमोहर_खानापूर
खूप आभार. देवांचे टाक दोघा भावांत वाटता येतात का?

पाटा_वरवंटा
टाकांचा संच बहुतेक घरांत फोडत नाहीत, कुळधर्म जो चालवणार त्याच्याकडे एकत्र जातो. धाकट्याला हवे असतील तर नवीन घडवून घेतात. पण हा निर्णय मामंजींनी दोघांसमोर बोलून सांगावा, आणि कुळाचाराची तिथी-नैवेद्याची वही सासूबाईंकडून आत्ताच लिहून घ्या. टाक नव्या घरी बसवायच्या दिवशी ती लागेल.