स्ट्रायकरला थेट सीनियर टीम द्यावी का?

परळचा नऊ नंबर:
आमच्या फुटबॉल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, ३४व्या वर्षी बूट काढून ठेवतोय. कमिटीचं म्हणणं, पुढच्या मोसमापासून सीनियर टीम त्याच्याकडेच द्या, पोरं त्याचं ऐकतात. पण २०१५ साली मुंबई सिटी क्लबनं फ्रेंच स्ट्रायकर अनेल्काला खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही केलं होतं. नॉर्थईस्ट युनायटेडला ५-१ मारणारी तीच टीम पुढे एफसी गोवाकडून ७-० हरली. स्ट्रायकर कोच झाला की मागची बाजू अशी उघडी पडतेच का?

कूपरेज कट्टा:
एका ७-० वरून ठरवू नका. इंग्लंडचा स्ट्रायकर आणि नंतरचा मॅनेजर ब्रायन क्लफ बघा. मिडल्सब्रो आणि संडरलंडसाठी लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. २६ डिसेंबर १९६२ला बरी (Bury) क्लबच्या गोलकीपरवर आदळून गुडघ्याचं लिगामेंट गेलं, २७व्या वर्षी खेळ जवळजवळ संपला. १९६५ला चौथ्या डिव्हिजनच्या हार्टलपूल्सपासून मॅनेजरकी सुरू केली, आणि सोबत घेतला पीटर टेलर. टेलर कोण? मिडल्सब्रोचा जुना गोलकीपर. म्हणजे मैदानाची दोन्ही टोकं एकाच बाकावर!

डर्बीत त्यांनी १९६८ला ३३ वर्षांचा डेव्ह मॅके आणला आणि मिडफिल्डमधून काढून मागे, तरुण स्टॉपर (मधला बचावपटू) मॅकफार्लंडच्या बाजूला उभा केला. त्याच मोसमात दुसरा डिव्हिजन जिंकला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला कीपर शिल्टन घेतला. १९७७-७८ला ४२ सामन्यांत फक्त २४ गोल खाऊन चॅम्पियन. १९७९ आणि १९८०च्या युरोपियन कपच्या दोन्ही फायनल १-० ने जिंकल्या. अडीचशे गोल मारलेल्या माणसाच्या टीमचे हे स्कोअर आहेत, ते नीट बघा. १९७४ला लीड्सला मात्र तो टेलरशिवाय गेला. ४४ दिवसांत बाहेर.

डावा बॅक:
कट्ट्याशी सहमत. स्ट्रायकर जन्मभर समोरचा गोल बघतो. बॉल गेल्यावर आपल्या बॅकलाइनमध्ये (बचावाच्या मागच्या रांगेत) काय होतं ते त्याच्या पाठीमागे घडतं. म्हणून पहिलं वर्ष त्याला १५ वर्षांखालची टीम किंवा सहायकाचं काम द्या आणि तेवढ्यात एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, करून घ्या. खेळाडू-मॅनेजर तर अजिबात नको. मैदानावरून स्वतःच्या टीमची लाइन दिसत नाही.

परळचा नऊ नंबर:
त्याच्या जोडीला कोण द्यावा? आणि सेशन कसं घ्यावं?

डावा बॅक:
जुना कीपर किंवा स्टॉपर, आणि टीम निवडताना त्यालाही विचारा. नुसते सरावाचे प्लास्टिकचे कोन उचलायला ठेवलेला सहायक कामाचा नाही.

आठवड्यातून दोनदा २० मिनिटं सहा विरुद्ध चार. चार बॅक आणि कीपर एका बाजूला, सहा अटॅकर मधल्या रेषेपासून सुटतात. रुंदी पेनल्टी बॉक्सएवढी, म्हणजे ४४ यार्ड. आठ बॉल मधल्या रेषेवर तयार ठेवा, नाहीतर अर्धा वेळ बॉल आणण्यात जातो. बॅकमध्ये ८ ते १० यार्डांपेक्षा जास्त फट नको, आणि बॉल एका बाजूला गेला की चौघं मिळून सरकले पाहिजेत. नवा कोच इथे हमखास चुकतो: तो अटॅकरच्या मागे उभा राहतो, चांगला शॉट दिसला की टाळी वाजवतो आणि लांबचा बॅक जागेवरच राहिलेला त्याला कळत नाही. त्याला कीपरच्या गोलमागे उभा करा. शिट्टी मारली की सगळे जागच्या जागी थांबतील, मग फट पावलांनी मोजायची.

फिनिशिंग (गोलवर शॉट मारणं) शिकवताना उलटा त्रास. तो स्वतः मारून दाखवतो आणि पोरांना ते जमत नाही, कारण त्याचा पाय कधी वळला हे त्यालाही सांगता येत नाही. दाखवणं बंद. १२ यार्डांवर पास, दोन टच, आणि दर पाच बॉलनंतर पास येण्याची बाजू बदला. जून-जुलैत चिखलात बॉल मधेच अडतो, तेव्हा पास जोरात द्यायला सांगा आणि बॅकना बॉक्समध्ये पहिल्या टचलाच बाहेर मारायला लावा.