रेफरल म्हणजे निदान नव्हे

ताई, जीपीने (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी) आईंना तातडीच्या कॅन्सर तपासणीला पाठवलंय आणि तुम्हाला झोप नाही, हे वाचून राहवलं नाही. इंग्लंडमध्ये असं पाठवलेल्या १० पैकी ९ हून अधिक जणांना कॅन्सर निघत नाही. दोन आठवड्यांत तज्ज्ञ डॉक्टरांनी बघायचं, हा जुना नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. आता २८ दिवसांत 'आहे' की 'नाही' ते कळावं, असं उद्दिष्ट आहे. दरवेळी पाळलं जातंच असं नाही, तेव्हा फोन आला नाही तर जीपीकडे विचाराच. सासूबाईंच्या वेळी हॉस्पिटलचा फोन नंबर न दाखवता आला आणि आम्ही दोनदा कापला. कधी डॉक्टरांच्या भेटीआधी थेट कोलोनोस्कोपीलाच (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) बोलावतात, त्याने घाबरू नका. आईंना इंग्रजी जड जात असेल तर मराठी दुभाषी आधीच मागा, पैसे लागत नाहीत.