केबल बदलली आणि गायकच मागे गेला – मदत हवी आहे

रामबागकर
मंडळी, केबल बदलल्याने हेडफोनचा आवाज बदलतो की नाही यावर इथे बरीच हाणामारी झाली असेल. माझ्याकडे तो बदललाय, आणि चांगलाच बिघडलाय.

हेडफोन एकेजी के२४० स्टुडिओ, ५५ ओहमचा. केबल डाव्या कपातून सुटी निघते, कपाकडचं टोक म्हणजे तीन पिनांचा मिनी एक्सएलआर, छोटा गोल जोड आहे. जुनी केबल लेकीच्या खुर्चीच्या चाकाखाली येऊन चिरडली, म्हणून महाराणी रोडवरच्या एका कारागिराकडून नवी बनवून घेतली. साधी तांब्याची वायर, दोन्ही टोकं नवीन.

मी मुख्यतः ख्याल ऐकतो. आता तबला-पेटी बरी येते, टाळ्या आणि सभागृहाची घुमारी तर आधीपेक्षा मोकळी वाटते. पण गायक शेजारच्या खोलीत जाऊन बसलाय. खर्ज गेला. आणि अमीर खाँसाहेबांची जुनी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेली) रेकॉर्डिंग्ज तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, व्हॉल्यूम पूर्ण चढवला तरी! त्याच फाइली फोनच्या स्पीकरवर ठणठणीत. (इंदुरात राहून खाँसाहेब ऐकायला मिळू नयेत, हे काय!)

जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो, "भिया, तांबे में वोकल दब जाता है, सिल्वर लो." साडेपाच हजार सांगतोय. घेऊ का?

चंदेरी_कान
डोळे मिटून घ्या. मी इअरफोनला चांदीचा मुलामा असलेली केबल लावली तेव्हापासून वरचे स्वर कसे खुलले म्हणून सांगू! तांबं गायकीला मारतंच.

सोल्डरगन
रामबागकर, पैसे काढायच्या आधी दोन गोष्टी सांगा. पूर्वी तबला एका बाजूला ऐकू यायचा, तो आता दोन्ही कानांत सारखाच येतो का? आणि गाणं डोक्याच्या मध्यभागी न वाटता कुठेतरी पसरल्यासारखं, कान दाबल्यासारखं वाटतं का?

रामबागकर
दोन्हीला हो. कान दाबल्यासारखं अगदी बरोबर. तुम्हाला कसं कळलं?

सोल्डरगन
तुमच्याच मजकुरातून. मोनो रेकॉर्डिंग गायब होतं ही खूण पुरे आहे. तुमच्या केबलचा ग्राउंड, म्हणजे परतीची तार, तुटलाय.

तुमच्या हेडफोनला तीनच तारा लागतात: डावी, उजवी आणि दोघींची मिळून एक परतीची. ही परतीची तार कुठे जोडलीच गेली नसेल, तर डावा आणि उजवा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना मिळतो डाव्या-उजव्या सिग्नलमधला फक्त फरक. दोन्हीकडे जे सारखं आहे ते वजा होऊन जातं. गायक मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो गेला. खर्जही बहुतेक वेळा मध्येच मिसळलेला असतो, तोही गेला. टाळ्या, घुमारी दोन्हीकडे वेगवेगळी, म्हणून ती उरली आणि "मोकळी" वाटली. मोनोत फरकच नाही, मग ऐकू काय येणार? थोडंफार जे येतंय ते दोन बाजूंतल्या बारीक तफावतीचं.

मल्टीमीटर बीपवर ठेवा. जॅकच्या मुळाकडचा लांब भाग आणि मिनी एक्सएलआरची १ नंबरची पिन, यांच्यात बीप यायलाच हवी. टोक ते २, मधलं कडं ते ३. केबल हलवत हलवत तपासा, कच्चं सोल्डर कधी जोडतं कधी सोडतं. मीटर नसेल तर धड चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या हेडफोनचा जॅक गाणं चालू असताना जरासा बाहेर ओढून बघा, असाच गायक नाहीसा होण्याचा प्रकार बऱ्याचदा ऐकू येतो.

चंदेरी_कान
ग्राउंडचं मान्य. पण मग माझ्या कानांनी ऐकलं ते खोटं?

सोल्डरगन
खोटं म्हणत नाही. तुमच्या इअरफोनमध्ये एकाहून जास्त बॅलन्स्ड आर्मेचर (इअरफोनमधले एका प्रकारचे चिमुकले ड्रायव्हर) आहेत का? तशा इअरफोनचा अवरोध सुरांच्या पट्टीत काही ठिकाणी ५ ओहमपर्यंत खाली येतो आणि काही ठिकाणी ३० असतो. केबल १ ओहमची असेल तर ५ च्या जागी आवाज १.६ डेसिबल पडतो, ३० च्या जागी जेमतेम ०.३. हा फरक ऐकू येऊ शकतो. पण त्याचं श्रेय केबलच्या ओहमला, चांदीला नव्हे. तुमची आधीची बारीक असेल, नवी जाड असेल.

के२४० चं गणित वेगळं. ३ मीटर केबल, ०.२ चौरस मिलिमीटर तांबं, जाऊन-येऊन साधारण अर्धा ओहम. ५५ ओहमपुढे त्याने आवाज ०.०८ डेसिबलने कमी होतो. चांदी तांब्यापेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास चांगली वाहक, म्हणजे अख्खी चांदीची तार घेतली तरी अर्ध्याचे ०.४७ ओहम होतील. मुलाम्याने तेवढंही नाही. साडेपाच हजारांत हे.

तंबोरा
आणि तुलना करताना दोन्हींचा व्हॉल्यूम मीटरने सारखा करून, कोणती लावली ते न सांगता कुणाकडून तरी बदलून घ्या. किंचित मोठा आवाज आपल्याला "स्वच्छ" वाटतो. दुकानदार हे जाणून असतात.

रामबागकर
मीटर शेजाऱ्यांकडून आणला. १ नंबरच्या पिनेवर बीप नाही. कारागिराने टोपी उघडली तर शील्डची जाळी (हीच परतीची तार) पिनेला नुसती टेकलेली, वर सोल्डरचा गोळा. पुन्हा झाळून दिलं, पैसे घेतले नाहीत. गायक मध्ये, खर्ज जागेवर, मारवा लावून बसलोय.

आता एक शेवटचं. माझ्या भाच्याकडच्या ॲम्पला ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट आहे. आपल्या जॅकला ४.४ चा ॲडॅप्टर लावून जोडलं तर चालेल का?

सोल्डरगन
अजिबात नको! बॅलन्स्ड ॲम्पमध्ये दोन्ही बाजूंच्या परतीच्या टोकांवरही सिग्नल चालू असतो. तुमच्या केबलमध्ये परतीची तार एकच, म्हणजे ती दोन टोकं एकमेकांवर शॉर्ट होणार, ॲम्प जाऊ शकतो. के२४० ला बॅलन्स्ड करायचं तर कप उघडून आतलं वायरिंग चार तारांचं करावं लागेल. आणि त्यातून जो "खुललेला" आवाज लोक सांगतात तो बराचसा व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलपर्यंत वाढल्याचा असतो. भाच्याच्या ॲम्पला साधं ३.५ किंवा ६.३ चं भोक असेलच, त्यात घाला.

रामबागकर
६.३ चं आहे, पुढेच. भाच्याला फोन करून ॲडॅप्टरची ऑर्डर थांबवायला सांगितलं.