अनुभव धागा : इंग्लंडमधली जुनी समुद्रकाठची गावं

धागाकर्ती: लंडन आणि लेक डिस्ट्रिक्टवर ढिगाने लिहून झालंय. पण रेल्वे आल्यावर व्हिक्टोरियाच्या काळात हवापालटासाठी नावारूपाला आलेली गावं, ते पिअर म्हणजे समुद्रात आत गेलेले लांब धक्के, रंग उडालेली हॉटेलं, यावर कोणी लिहीत नाही. कुठे गेलात, काय आवडलं, कशाने डोकं फिरलं, सगळं येऊ द्या.

माझं स्कारबरो. तिथलं ग्रँड हॉटेल 1867 चं, अख्खं वर्षाच्या हिशोबाने बांधलेलं, 4 मनोरे म्हणजे ऋतू, 12 मजले, 52 धुराडी आणि मूळच्या 365 खोल्या. लेकीला वाळूत बसवून धुराडी मोजायला लावली, तेवढीच शांतता. मग चढ चढून लेखिका अ‍ॅन ब्राँटेची कबर पाहिली. हवा मानवेल म्हणून 1849 मध्ये इथे आली आणि तीन दिवसांत गेली बिचारी. दगडावर वय 28 कोरलंय, होती 29 ची!

खारेदाणे: साल्टबर्नला जा, पिअर नंतर, आधी क्लिफ लिफ्ट, म्हणजे कड्यावरून किनाऱ्यावर ने-आण करणारे रुळांवरचे डबे. 1884 ची आणि अजून पाण्याच्या वजनावर चालते. दोन डबे केबलने जोडलेले, दोघांच्या पोटाखाली टाकी. वरच्यात पाणी सोडतात, तो जड झाला की खाली सुटतो आणि खालचा वर ओढला जातो, मग टाकी रिकामी करायची आणि पाणी पंपाने परत वर. डब्याला सुंदर रंगीत काचा आहेत पण आमचे बाबा मेकॅनिकलवाले, ते वाकून रूळच बघत बसले आणि ब्रेकवाल्याला इतके प्रश्न विचारले की मागे रांग लागली.

गिरणगावचा नातू: आजोबा परळच्या गिरणीत होते त्यामुळे ब्लॅकपूल मला जवळचं वाटलं. लँकेशायरच्या कापडगिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर बंद, गावागावाची पाळी वेगळी, आणि अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलला. वेक्स वीक म्हणायचे त्याला. आपल्याकडे चाकरमानी गणपतीला कोकणात जायचे तसंच. टॉवर 1894 चा, 158 मीटर, आयफेल बघून बांधलेला. वर गेलो तर नुसते ढग, सोडा. खरी मजा खाली बॉलरूममध्ये, दुपारी वुरलिट्झर ऑर्गन वाजतो आणि सत्तरीपुढची जोडपी झकास नाचतात. एक आजी चहा अर्धा टाकून, पर्स नवऱ्याच्या मांडीवर ठेवून मैत्रिणीबरोबर अख्खी चक्कर नाचून आल्या, आजोबा आपले केक खातायत.

सह्यभटक्या: ब्रायटनला सगळे पॅलेस पिअरवरूनच परत येतात. रॉयल पॅव्हिलियन या राजाच्या जुन्या महालात 1914 ते 16 जखमी हिंदी सैनिकांचं हॉस्पिटल होतं हे आवर्जून बघा. जे वाचले नाहीत त्यातल्या हिंदू आणि शिखांना शहराबाहेर टेकडीवर अग्नी दिला, तिथे 1921 पासून त्यांच्या स्मारकाची छत्री उभी आहे. गाडी जात नाही, कुरणातून चालत जायचं. चांगले बूट घाला, चिखल असतो.

खारेदाणे: आणि ते खाण्यावर झडप घालणारे सीगल पक्षी? चिप्स हातात घेऊन फोटो काढायचे नाहीत, एवढंच सांगते.

नुसतीच वाचक: आम्ही वेस्टन-सुपर-मेअरला गेलो, ओहोटी होती. पाणी इतकं आत गेलेलं की मुलगा विचारतो, बाबा समुद्र कुठे ठेवलाय. भरतीची वेळ बघून जा रे!