मेझर ११४: मी 'नाही' भरणार आहे

कुडाळकरीण (ऑक्टोबर २०२२)

मतपत्रिकेचं पाकीट टपालाने आलं. अमेरिकेतल्या आमच्या ओरेगन राज्यात मतदान टपालानेच होतं, ८ नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. यातल्या मेझर ११४ वर, म्हणजे मतदारांनीच 'हो' किंवा 'नाही' ठरवायच्या बंदुकीच्या कायद्यावर, मी 'नाही' भरणार आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत 'हो' भरलं जाणार, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

मेझर असं आहे: बंदूक घ्यायची तर आधी परवाना काढायचा. त्यासाठी बोटांचे ठसे, तपासणी आणि सुरक्षेचा वर्ग. वर्गात प्रशिक्षकासमोर बंदूक भरून, चालवून, रिकामी करून दाखवायची. फी ६५ डॉलरपर्यंत, परवाना ५ वर्षांचा. देणार पोलीस प्रमुख नाहीतर काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरिफ (तिथला पोलीस अधिकारी). शिवाय १० पेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझीनवर बंदी. आधीपासून असलेल्या मॅगझीन स्वतःच्या जागेत, शिकारीला किंवा रेंजवर चालतील.

मी हार्नी काउंटीत नर्स आहे. काउंटी २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या पाचपट, आणि माणसं जेमतेम साडेसात हजार. माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी एक बाई नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. घर गावाबाहेर, शेजार नाही. नवऱ्याविरुद्धचा कोर्टाचा मनाई हुकूम ती पर्समध्ये घडी घालून ठेवते. घडीवर कागद फाटायला आलाय. तिने आज बंदूक घ्यायची ठरवली तर तपासणी होऊन मिळते. मेझर लागू झाल्यावर तिने कुठे जायचं? वर्ग कोण घेणार, कुठे घेणार, शेरिफच्या हाताखालच्या मोजक्या माणसांपैकी ठसे कोण घेणार? शेरिफांची राज्य संघटना याच कारणाने विरोधात आहे.

बीव्हरटनचा बाबा

ताई, माझ्या दोन मुली शाळेत आहेत. मे महिन्यात टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आपल्याच राज्यात १९९८ साली स्प्रिंगफील्डच्या थर्स्टन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तो आठवा. मारेकरी थांबला कधी? गोळ्या संपल्या आणि तो परत भरायला लागला तेव्हा. तेवढ्या क्षणात, स्वतः जखमी झालेल्या एका विद्यार्थ्याने त्याच्यावर झेप घेतली. तो क्षण लवकर यावा म्हणून १० गोळ्यांची मर्यादा आहे. माझं मत 'हो'.

रानवाट

ताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. अर्जदार स्वतःला किंवा इतरांना धोका ठरेल असं वाटलं तर अधिकारी परवाना नाकारू शकतो. कोर्टात दाद मागता येते, मान्य. पण तोडकं इंग्रजी बोलणारा, छोट्या गावातला, तपकिरी कातडीचा माणूस शेरिफविरुद्ध कोर्टात जाईल? वकिलाचे पैसे कोण देणार?

सेलमवासी

कुडाळकरीण, तुम्ही कोकणातल्या ना? तिथे बंदुकीला परवाना लागतोच. शेतकरी ठासणीच्या बंदुकीचासुद्धा परवाना काढतो. तिकडे शाळेत शिरून मुलं मारल्याचं ऐकलंय का? जे गावी चालतं ते इथे का नको?

कुडाळकरीण

सेलमवासी, बरं झालं विचारलंत. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. २००४ ची विधानसभा ऑक्टोबरात आली. निवडणुकीच्या आधी बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आजोबांनी केली, पावती घेतली. भात नेमकं तेव्हाच तयार होतं. निकाल लागला, आजोबा पावती घेऊन गेले. सही करणारे साहेब नाहीत. चार दिवसांनी गेले, साहेब आहेत पण रजिस्टर दुसऱ्या टेबलावर. रानडुकरं रोज रात्री मळ्यात. आम्ही डबे बडवत जागायचो, पण डुकरं डब्यांना कुठे भितात! बंदूक घरी आली तेव्हा कापणी उरकली होती. जी काय हाती लागली ती.

आजोबांना 'नाही' कोणीच म्हटलं नव्हतं. नियम चोख होते. फक्त सही करायला माणूस नव्हता. मी मेझर वाचते तेव्हा मला ती पावती दिसते.

आणि इथे घटनेने हक्क दिलाय. ओरेगनच्या घटनेत पहिल्याच कलमाच्या २७ व्या विभागात स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगायचा अधिकार लिहिलेला आहे. तो उपभोगायचा की नाही, हे एखाद्या कचेरीत माणसं पुरेशी आहेत का यावर ठरू नये.

बीव्हरटनचा बाबा

गोष्ट पटली. पण माणसं कमी म्हणून कायदाच नको? मग कुठलाच कायदा होणार नाही. परवाना ३० दिवसांत द्यायचा, असं मेझरमध्येच लिहिलंय.

सेलमवासी

आणखी एक. ओरेगनमध्ये बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत बहुतांश आत्महत्या असतात. मनस्थिती बिघडलेल्या माणसाला बंदूक हातात यायला महिना लागला तर तेवढ्यात कोणी त्याच्याशी बोलेल, तो सावरेल. माझा एक सहकारी असा गेला. दुकानातून घेतली आणि त्याच आठवड्यात. तुमच्या मैत्रिणीची भीती खरी आहे, पण त्या आठवड्याचं काय?

कुडाळकरीण

वाईट वाटलं हो. अशी माणसं मी इमर्जन्सीत पाहिलीत, त्यांच्या घरच्यांचा हात धरून बसलेय. पण माझ्यासमोर आलेल्यांच्या बंदुका बहुतेक जुन्या होत्या, वडिलांच्या, कपाटातल्या. त्यांना हा परवाना शिवतही नाही. बंदूक कुलपात ठेवायचा कायदा इथे गेल्याच वर्षी झाला, धोकादायक माणसाकडून ती कोर्टामार्फत काढून घ्यायचा २०१७ साली. ते दोन्ही मला मान्य आहेत. गावात किती जणांना ठाऊक आहेत? मी रुग्णांच्या घरच्यांना स्वतः सांगते तेव्हा ते पहिल्यांदा ऐकतात.

बाबा, ३० दिवस अर्ज पूर्ण झाल्यावर सुरू होतात. वर्गच नाही तर अर्ज पूर्ण कसा होणार? प्रशिक्षणाला माझा विरोध नाही, मी स्वतः घेतलंय. थर्स्टनच्या त्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मॅगझीनचा प्रश्न वेगळा विचारला असता तर मी आणखी आठवडाभर विचार केला असता. पण दोन्ही एकाच मेझरमध्ये बांधलेत आणि खाली 'हो' नाहीतर 'नाही' एवढंच आहे.

बीव्हरटनचा बाबा

आणि दोन वर्षांनी वर्ग सुरू करून, शेरिफना माणसं देऊन परत आणलं तर?

कुडाळकरीण

तर परवान्याला 'हो'. आमच्या गावात वर्ग घ्यायला मीच उभी राहीन. आता मात्र 'नाही' भरून पाकीट चिकटवलंय, सही बाकी आहे. उद्या ड्यूटीवर जाताना पेटीत टाकेन. मैत्रिणीचं पाकीटही तीच घेऊन येणार आहे, आम्ही बरोबरच जाऊ.